चित्राच्या मागची बाजू : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुन्या तसबिरी, फोटो आणि चिन्हांविषयी आलेल्या पत्रांतून निवडलेले काही प्रश्न. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

आमच्या माजघरात एक जुनी तसबीर आहे. गाईच्या अंगभर देवदेवता, खाली दूध घेणारी माणसं, आणि एका बाजूला तलवार उपसलेला राक्षस. खाली इंग्रजीत ‘रविवर्मा प्रेस’ असं आहे. हे राजा रविवर्म्याचं अस्सल चित्र आहे का? आणि गाईच्या चित्रात राक्षस कशासाठी? – एक वाचक, सातारा

प्रेस रविवर्म्याचा असला म्हणून चित्रही त्यानेच काढलं असेल, असं समजू नका. त्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि १९०० नंतर थोड्याच वर्षांत रविवर्म्याने तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. रविवर्मा १९०६ मध्ये वारला. छापखाना मात्र पुढे कित्येक दशकं चालू होता आणि दुसऱ्या चित्रकारांची चित्रं त्याच नावाने छापत होता. गाईचं हे चित्र त्यांतलंच. तसबिरीच्या खालच्या पट्टीत पत्ता वाचता येतो का पाहा. ‘गिरगाव’ असेल तर छाप पहिल्या काही वर्षांतला. ‘कार्ला-लोणावळा’ असेल तर मळवलीच्या काळातला, आणि तो काळ बराच लांब आहे. फ्रेममध्ये बसावी म्हणून ही पट्टी पुष्कळदा कापलेली असते. तसं झालं असेल तर निम्मी माहिती गेली.

दुसरी परीक्षा दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाची. चेहऱ्याच्या सावलीवर भिंग धरा. जुन्या शिळाछापात ठिपके हाताने दिलेले असतात: लहानमोठे, कुठे दाट तर कुठे विरळ. प्रत्येक रंगाला वेगळा दगड असल्यामुळे कडेला एखादा रंग केसभर बाहेर सरकलेला दिसतो. भिंगाखाली सारख्या अंतरावरचे, फुलासारखे गुंफलेले ठिपके दिसले तर तो ऑफसेटवर छापलेला नंतरचा माल. वरच्या वॉर्निशला पिवळेपणा आणि बारीक तडे असणं ही चांगली खूण, पण तेवढ्यावर विसंबू नका. वॉर्निश नव्या छापावरही चढवता येतं.

आता राक्षसाकडे येऊ. गाईच्या पोटी सर्व देव ही कल्पना जुनी आहे, पण हे छापील चित्र एका चळवळीतून घरोघरी पोचलं. १८८२ मध्ये दयानंद सरस्वतींनी गोरक्षणाची सभा स्थापन केली, आणि पुढच्या दहा वर्षांत ही चळवळ उत्तर हिंदुस्थानभर पसरली. सभेत अशी चित्रं लोकांसमोर ठेवून भाषणं होत. १८९३ मध्ये आझमगड भागात आणि ऑगस्टमध्ये मुंबईतही दंगली झाल्या. त्या वातावरणात ‘हा तलवारवाला कोण?’ या प्रश्नाला चित्रातली ओळ ‘कलियुगातला मांसाहारी’ असं काहीसं उत्तर देत होती. पाहणारे मात्र आपापलं उत्तर काढत होते. मुसलमानांना तो आपल्यावरचा आरोप वाटला, आणि ही गोष्ट इंग्रज अधिकाऱ्यांनीही टिपून ठेवली. १९१० च्या प्रेस कायद्यानंतर देवादिकांची छापील चित्रंही सरकारी डोळ्यांखालून जाऊ लागली.

म्हणून या चित्राचे निरनिराळे छाप शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. देवतांची रांग जवळपास तीच राहते. बदल होतात ते कडेला: राक्षस आहे की नाही, त्याच्या समोर हात जोडणारी आकृती आहे का, दूध घेणारे कोण आहेत, अक्षरं कोणत्या भाषेत आहेत. नंतरच्या कित्येक छापांत राक्षस गायबच आहे. तुमच्याकडच्यात तो आहे, म्हणजे चित्र त्या वादाला जवळचं आहे.

तुमच्या घरात त्या तसबिरीला हळदकुंकू वाहिलं गेलं असेल आणि वाहणारीच्या मनात यातलं काहीही नसेल. तो अर्थ खोटा ठरत नाही. पण चित्राचा फोटो काढून चार लोकांना पाठवायचा झाला तर काळ आणि संदर्भ खाली लिहा. नाहीतर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं भांडण आजच्या तारखेने पुढे जातं.

काच चित्राला चिकटली असेल तर ओढून काढू नका. रंगाचा थर काचेबरोबर येतो. मागची देवदारी फळी मात्र बदलून घ्या. तिच्यातल्या आम्लाने कागद तपकिरी होतो आणि फटींत कसर राहते. फळीऐवजी आम्लमुक्त पुठ्ठा घालावा.

रविवर्म्याच्या ‘कीचक आणि सैरंध्री’ या चित्रातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं आहे का? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

नाही. चित्र १८९० सालचं. कर्झन व्हाइसरॉय होऊन आला १८९९ मध्ये. चित्रकाराला नऊ वर्षं आधी त्याचं भविष्य दिसलं असेल तर गोष्ट वेगळी.

तरी व्याख्यात्याने हे हवेतून आणलेलं नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. बंगालची फाळणी, स्वदेशी, बहिष्कार हे सगळं तेव्हा ताजं होतं. नाटकात कर्झनचं नाव कुठेच नाही. पण विराटाच्या दरबारात मातलेला कीचक, अपमान सोसणारी सैरंध्री, धीर धरा म्हणणारा कंकभट म्हणजे युधिष्ठिर, आणि स्वयंपाकघरातून उठून कीचकाला ठेचणारा बल्लव म्हणजे भीम, ही मांडणी प्रेक्षकांना समजावून सांगावी लागली नाही. कीचक कर्झन, सैरंध्री हा देश, युधिष्ठिर मवाळ, भीम जहाल. (सुरतेला काँग्रेस फुटली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात, म्हणजे नाटक आल्यावर. फुटीवरून नाटक सुचलं असं जे लिहितात त्यांनी तारखा पाहाव्यात.)

२१ डिसेंबर १९०९ ला नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा खून झाला. तोही नाटक चालू असताना, पण ते नाटक ‘शारदा’. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१० मध्ये, ‘कीचकवधा’वर बंदी आली. लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार व्हॅलेंटाईन चिरोल याने या नाटकाचा राजकीय अर्थ इंग्रज वाचकांना उलगडून दाखवला. म्हणजे मराठी प्रेक्षक जे मनात समजून घेत होते ते सरकारपक्षाने छापून जाहीर केलं.

आता कल्पना करा की रविवर्म्याच्या कीचकाचा छाप १९०८ मध्ये एखाद्या दिवाणखान्यात टांगलेला आहे. चित्रात रेषेचाही फरक नाही, पण आठ दिवसांपूर्वी नाटक पाहून आलेल्या माणसाला त्यात कर्झन दिसला तर नवल नाही. म्हणून चित्राविषयी लिहिताना दोन तारखा वेगळ्या ठेवायच्या: चित्र झालं कधी, आणि ज्या अर्थाबद्दल आपण बोलतो आहोत तो दिसू लागला कधी. ‘रविवर्म्याने कर्झनवर टीका केली’ हे वाक्य चूक. ‘१९०७ नंतर या प्रसंगाच्या चित्रात कर्झन पाहता येऊ लागला’ हे बरोबर. त्यातही अमुक एका घरातल्या माणसाने तसं पाहिलं असं म्हणायचं तर पत्र, रोजनिशी, वर्तमानपत्रातला मजकूर असं काहीतरी हाती हवं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हा फरक दोन ओळींत येतो आणि परीक्षकाच्या लगेच लक्षात येतो.

पणजोबा-पणजीचा स्टुडिओतला फोटो आहे. ते खुर्चीत बसलेले, ती शेजारी उभी, दोघांचेही चेहरे गंभीर. मुलं विचारतात, ती सुखी नव्हती का? फोटोचा काळ कसा ओळखायचा? – एक वाचक, नागपूर

चेहऱ्यावरून संसाराचा अंदाज करू नका. ओल्या काचेच्या पद्धतीत (काचेवरचा रसायनाचा थर ओला असतानाच फोटो घ्यायचा) काही सेकंद न हलता बसावं लागे आणि मानेमागे लोखंडी आधार असे, हे खरं आहे. पण १८८० नंतर कोरड्या प्लेटा आल्या आणि हा वेळ पुष्कळ कमी झाला. १९१० च्या फोटोतला गंभीरपणा यंत्राने आणलेला नाही, रिवाजाने आणलेला आहे. फोटो आयुष्यात एकदोनदाच निघे, तो भिंतीवर लागणार, पुढे त्याला हार पडणार हे माहीत असे. दात दाखवून कोण बसेल? बसायचं कोणी आणि उभं राहायचं कोणी हेही बहुतेक फोटोग्राफरच ठरवी. एकाच स्टुडिओचे पाचसात फोटो मिळाले तर तीच खुर्ची, तीच फुलदाणी, तोच हात खुर्चीच्या पाठीवर. मागचा बाग-खांबांचा देखावा रंगवलेला पडदा असतो आणि टेबलावरचं जाड पुस्तक स्टुडिओचं. पणजोबांच्या शिक्षणाचा तो पुरावा नाही. नेसणं, दागिने, पागोटं ही बहुधा घरची असतात, म्हणून आधी त्यांच्याकडे पाहावं.

काळासाठी आधी मोजपट्टी घ्या. सुमारे ६४ × १०० मिलिमीटरचा पुठ्ठा असेल तर ती ‘कार्त द व्हिजिट’, १८६० नंतरची पद्धत. सुमारे १०८ × १६५ असेल तर ‘कॅबिनेट’, एकोणिसाव्या शतकाची शेवटची दशकं आणि विसाव्याची पहिली. पातळ कागद, तपकिरी-पिवळी झाक आणि तकाकी असेल तर अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा थर असलेला अल्ब्युमेन. १८९५ च्या पुढे तो मागे पडत गेला. काळ्या भागात तिरक्या उजेडात चांदीसारखी चमक दिसली तर जिलेटिनचा कागद, म्हणजे नंतरचा. पोस्टकार्डावर छापलेला फोटो असेल तर मागच्या तिकिटाच्या चौकोनात ‘एझेडओ’ ही इंग्रजी अक्षरं आणि कोपऱ्यांत त्रिकोण आहेत का पाहा. चारही त्रिकोणांची टोकं वर असतील तर साधारण १९०४ ते १९१८, दोन वर आणि दोन खाली असतील तर त्यानंतरचं दशक.

इथे एक हमखास फसगत होते. भिंतीवरचा मोठा फोटो पुष्कळदा मूळ नसतोच. माणूस गेल्यावर जुन्या समूहफोटोतून एक चेहरा उचलून, मोठा करून, ब्रशने डोळे-मिशा रेखून तो तयार केलेला असतो. फोटो १९३५ चा आणि त्यातला चेहरा १९०५ चा, असं सहज घडतं. कागदावरून निघणारं वय त्या प्रतीचं असतं, माणसाचं नव्हे. दुसरी फसगत उलट्या छपाईची. निगेटिव्हची काच उलटी धरून छापलं की डावं-उजवं बदलतं. कोटाची बटणं आणि पदर एकाच वेळी उलट्या बाजूला दिसले तर प्रत उलटी आहे असं समजा.

स्कॅन किमान ६०० डीपीआयवर करा, टिफ स्वरूपात ठेवा, आणि मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचं नाव, पदकांची चित्रं, कोणीतरी शिसपेन्सिलीने लिहिलेलं ‘बाळूच्या मुंजीत’ हे सगळं मागेच असतं. पुठ्ठ्याच्या कडाही कापून टाकू नका. नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, मागे, कडेला. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. लॅमिनेशन कधीच नाही. ते पुन्हा सोडवता येत नाही.

इंटरनेटवर १८६० च्या आसपासचे मुंबईच्या जातीजमातींचे फोटो फिरतात. ‘तेव्हाची खरी मुंबई’ म्हणून ते शाळेच्या प्रदर्शनात लावावेत का? – एक शिक्षिका, ठाणे

लावा, पण ‘खरी मुंबई’ हे शब्द काढून. यांतले बरेच फोटो विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या फोटोग्राफरचे आहेत. १८६० च्या दशकात त्याने मुंबईतल्या रहिवाशांचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं वर्णन करणारं दोन भागांचं पुस्तक काढलं. त्यातल्या कित्येक चित्रांत माणसं एका ठिकाणी टिपली आहेत आणि मागचं देऊळ किंवा रस्ता दुसरीकडचा आहे. दोन काचांचा जोड देऊन एक चित्र केलं आहे. मुलांना हे शोधायला सांगा: पायांखाली सावली पडली आहे का, माणसांची आणि इमारतीची सावली एकाच दिशेला आहे का, आकृतीची कड कात्रीने कापल्यासारखी आहे का. दहा मिनिटांत त्यांना सापडेल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाली माणसाचं नाव नाही, जातीचं आहे. १८५७ नंतर सरकारला ‘कोण कसा दिसतो’ याच्या याद्या हव्या होत्या. त्याच काळात, १८६८ ते १८७५ मध्ये, लंडनहून ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. फोटोसोबतच्या मजकुरात अमुक जमात कष्टाळू, अमुक दगलबाज असे शेरे आहेत. तो मजकूर जसाच्या तसा प्रदर्शनात लावलात तर शेरा तुमचा होईल. फोटोच्या खाली तीन गोष्टी लिहा: कोणी काढला, कोणासाठी, आणि कुठे जुळवला.

प्लेगच्या फोटोंनाही हेच लागू. १८९७ च्या मुंबई-पुण्याच्या आल्बमांत स्वच्छ वॉर्ड, रांगेत खाटा, शिस्तीत उभे शिपाई दिसतात. ते आल्बम प्रशासनाने आपण काय केलं ते दाखवण्यासाठी होते. घरझडतीचा जो राग लोकांत होता आणि ज्यातून २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली, तो त्या रांगांत दिसणार नाही. त्याच महिन्यांतला ‘केसरी’ शेजारी ठेवल्याशिवाय हे फोटो लावू नयेत, असं आमचं मत.

जर्मनीत भाड्याच्या घरात राहतो. दारावर स्वस्तिक काढलं तर अडचण येईल का? नाझींचं स्वस्तिक उलटं असतं असं मेसेजमध्ये वाचलं, मग आपलं चालायला हवं ना? – एक कुटुंब, म्युनिक

तो मेसेज चुकीचा आहे आणि त्यावर विसंबून वाद घालायला गेलात तर तोंडघशी पडाल. नाझी चिन्हाच्या भुजाही आपल्या नेहमीच्या स्वस्तिकासारख्याच उजवीकडे वळतात. फरक आहे तो मांडणीत: काळा रंग, बहुतेक वेळा ४५ अंशांत तिरकं, पांढऱ्या वर्तुळात, तांबड्या पार्श्वभूमीवर. आपल्या स्वस्तिकाला चार घरांत चार ठिपके, बैठक सरळ, रंग कुंकवाचा किंवा हळदीचा, सोबत श्री, कलश, शुभ-लाभ.

नाझी पक्षाने हे चिन्ह १९२० मध्ये झेंड्यावर घेतलं आणि सप्टेंबर १९३५ मध्ये तो एकमेव राष्ट्रध्वज झाला. त्याआधी युरोपात ते सुदैवाची खूण म्हणून सर्रास चाले. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ मध्ये जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या पुस्तकांवर गजमुख आणि स्वस्तिक छापलेलं असे. नाझी वर चढू लागले तसं त्यानेच ते काढायला लावलं. जुन्या पुस्तकांच्या बाजारात किपलिंगची स्वस्तिकवाली प्रत दिसली तर ती बहुधा त्याआधीची. छापणाऱ्यावर नाझी असल्याचा संशय घेऊ नये.

जर्मन दंडसंहितेचं ८६अ हे कलम बंदी घातलेल्या संघटनांची चिन्हं जाहीरपणे वापरण्याविरुद्ध आहे. देवपूजा हा त्याचा विषय नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये बंदीचा कायदा केला तेव्हा हिंदू, बौद्ध आणि जैनांच्या धार्मिक वापराला स्पष्ट सूट लिहून ठेवली. पण पोलिसात तक्रार करणारा शेजारी कलम वाचून करत नाही. त्याच्या आजोबांच्या किंवा आजोबांनी गमावलेल्यांच्या आठवणीत ते चिन्ह काय आहे, हे त्याला तुमच्या दाराशी दिसतं. तो अज्ञानी आहे असं मानून बोलायला सुरुवात करू नका.

आमचा सल्ला असा. उंबऱ्याच्या आत, देवघरात, कलशावर मोकळेपणाने काढा. बाहेरच्या दारावर तोरण, श्री, कलश, पावलं लावा. स्वस्तिक हवंच असेल तर ठिपक्यांसह, लाल-पिवळं, लहान, आणि या सगळ्यांच्या सोबत. एकटं, काळं किंवा गाडीच्या काचेवर नको. मुंजीची किंवा वास्तुशांतीची पत्रिका टपालाने जाणार असेल तर स्वस्तिक आतल्या पानावर घ्या, पाकिटावर गणपती पुरे. घरमालकाला आणि समोरच्या बिऱ्हाडाला आधी सांगा. सणाच्या दिवशी करंज्या देताना दोन वाक्यांत होतं. मुलांनी शाळेच्या वहीवर दिवाळीचं चित्र म्हणून काढलं तर शिक्षकांना चिठ्ठी द्या. मूल समजावून सांगेल ही अपेक्षा त्याच्यावर टाकू नका.

मुंबईच्या काळा घोडा चौकातल्या पुतळ्यावर आता स्वार नाही, नुसता घोडा आहे. मूळ पुतळ्याचं तसंच होतं का? – एक वाचक, डोंबिवली

मूळ पुतळ्यावर स्वार होता: प्रिन्स ऑफ वेल्स, पुढे सातवा एडवर्ड. १८७९ मध्ये बसवलेला पुतळा १९६५ मध्ये हलवला, तो आज भायखळ्याला राणीच्या बागेशेजारच्या संग्रहालयाच्या आवारात आहे. लोकांनी मात्र चौकाला राजाचं नाव कधी दिलंच नाही; घोड्याचं दिलं. २०१७ मध्ये बसवला तो नवा घोडा स्वाराविनाच घडवलेला आहे. जुन्या पोस्टकार्डात या चौकात स्वारासह घोडा दिसला तर कार्ड १९६५ च्या आधीचं एवढंच ठरतं. ट्राम घोड्याची की विजेची हे दिसलं तर अंदाज आणखी जवळ येतो, कारण विजेची ट्राम मुंबईत मे १९०७ मध्ये सुरू झाली. अपोलो बंदराचं कार्ड असेल तर गेटवे शोधा. तो १९२४ मध्ये पुरा झाला.